ब्रायटनच्या पाण्यात शकूमावशी

शकूमावशी पाण्यामुळे गेल्या नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटांच्या सोसायटीत, आणि गणपतीच्या आरतीला जमणाऱ्या मराठी मंडळींत अजून कुजबुज चालू असते. "या वयात इंग्लंडच्या समुद्रात उतरायचं काय अडलं होतं?" कोणीतरी म्हणतं. "मुलगा डॉक्टर, तरी ऐकलं नाही," दुसरं म्हणतं, आणि मग दोघं मिळून एक सुस्कारा सोडतात. तो सुस्कारा ऐकला की माझं डोकं फिरतं. ब्रायटनहून आल्यावर मावशी वर्षभराहून जास्त जगल्या. गेल्या त्या बुकित तिमाहच्या राहत्या घरात, आमटीभात जेवून, वर पेलाभर ताक पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या. कोरड्या ठणठणीत. मेलं कोरड्यातच मरायचं होतं तर एवढं पोहले कशाला, असं त्या स्वतःच म्हणाल्या असत्या.

मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. आम्ही चौथ्या मजल्यावर आणि त्या बरोबर खाली तिसऱ्यावर, मुलाकडे. शकुंतला रेगे. जन्म रेवदंड्याचा, नोकरी पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून, आणि सुट्टीच्या दिवसांत तलावावर पोरींना पोहायला शिकवणं. नवरा अकाली गेला. निखिल एकुलता एक. तो नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर आहे. "माझा मुलगा लोकांना झोपवतो आणि मी त्यांना उठवते," अशी त्या ओळख करून द्यायच्या, आणि समोरचा हसेपर्यंत थांबायच्या.

उंचीने बेताच्या, पण खांदे असे की पाहुण्यांची बॅग त्याच उचलणार. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. पोहण्याचा पोशाख स्वतः शिवलेला, गडद निळा, बाह्या कोपरापर्यंत आणि खाली गुडघ्यापर्यंत. डोक्यावर नारिंगी टोपी. त्या पोशाखात त्या सकाळी लिफ्टमध्ये भेटल्या की पहिल्यांदा पाहणारा माणूस कुठे बघावं या विचारात पडायचा. मावशी मात्र त्याच्याकडे सरळ बघून "गुड मॉर्निंग" म्हणायच्या. आवाज तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचवायची सवय असलेला. लिफ्टमध्ये तो जरा जास्तच व्हायचा.

माझ्या मुलीला, ईराला, त्यांनीच पोहायला शिकवलं. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी पायरीवर बसायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, डोळ्यांना लावायचं. "पाय नंतर. आधी नमस्कार." मग पोराला पाठीवर झोपवायचं आणि पाठीखाली आपला तळहात ठेवायचा. पोरगं आकाशाकडे बघत राही, मावशी रेवदंड्याच्या गोष्टी सांगत राहात. मध्येच पोरगं घाबरून म्हणे, "मावशी, हात काढू नका!" यावर मावशी शांतपणे म्हणायच्या, "काढलाय कधीचा." त्या क्षणी पोरगं एकतर गटांगळी खाई, नाहीतर पोहायला शिके. ईराने दोन्ही केलं. घरी येऊन इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "मावशी व्हेरी फियर्स लाह." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी खाली जाऊन बसली.

"पाणी धरतं. तू सोड." एवढं एकच वाक्य त्या सगळ्यांना सांगायच्या.

आणि तरी, त्यांच्या स्वतःच्या मुलाला पोहता येत नव्हतं. लहानपणी रेवदंड्याला एका लाटेने त्याला पाडलं आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं, तेव्हापासून निखिल पाण्यापासून चार हात लांब. मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही जगाला शिकवलंत आणि याला कसं सोडलंत?" म्हणाल्या, "अरे, भीती ओढून काढायची नसते. दातासारखी नसते ती." एवढंच बोलून विषय बदलला. एरवी कोणाचंही काहीही ओढून काढायला कमी न करणाऱ्या बाई त्या एका बाबतीत गप्प असायच्या.

त्यांच्या दसऱ्याची गोष्ट अजून कॉन्डोत निघते. दसऱ्याला आपण ज्यावर पोट चालतं त्याची पूजा करतो. मी लॅपटॉपला हळदकुंकू लावतो, निखिल स्टेथोस्कोपला. मावशींनी त्या वर्षी सकाळी खाली जाऊन स्विमिंग पूलची पूजा केली. स्टीलच्या शिडीला झेंडूची माळ, दांड्यांना हळदकुंकवाची बोटं, काठावर नारळ फोडून त्याचं पाणी पूलमध्ये. कुंकू मुंबईहून आणलेलं, हात सढळ. शिडीवरून ते ओघळलं आणि पाण्यात लाल धार पसरली. तेवढ्यात पोहायला आलेल्या एका बाईने ती पाहिली आणि अशी किंचाळली की गार्ड धावत आला. पूल बंद झाला, पाणी उपसलं गेलं, लिफ्टमध्ये नोटीस लागली. निखिल शरमेने दोन दिवस जिन्याने ये-जा करत होता.

रहिवाशांच्या सभेत विषय निघाला. कोणी आरोग्याचं बोललं, कोणी नियमांचं. निखिल उठून माफी मागणार होता, पण मावशी त्याच्या आधी उभ्या राहिल्या. "आय अ‍ॅम सॉरी फॉर द कलर," त्या म्हणाल्या, "आय अ‍ॅम नॉट सॉरी फॉर द पूजा." आणि बसल्या. मग मागच्या रांगेतले टॅन अंकल हळूच म्हणाले, "नेक्स्ट टाइम फ्लावर ओन्ली, कॅन?" मावशी वळून म्हणाल्या, "कॅन." पुढच्या दसऱ्याला फक्त झेंडू होता. माळ घालायला टॅन अंकलनीच शिडी धरली.

मग त्यांच्या छातीत कळ आली. स्टेंट घातले गेले, त्या लवकर उठल्या, फिरू लागल्या, पोळ्या लाटू लागल्या. पण निखिलने पाणी बंद केलं. हृदयाच्या डॉक्टरांनी काही महिन्यांनी सांगितलं की पूलमध्ये सावकाश पोहायला हरकत नाही. निखिलने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाला, "नाही." मावशींनी माझ्यासमोर त्याची उलटतपासणी घेतली होती.

"जिना चढू?"

"चढ."

"बाजारात जाऊ?"

"जा."

"मग पाण्यानेच काय घोडं मारलंय?"

"आई, रस्त्यात पडलीस तर लोक उचलतील. पाण्यात काही झालं तर मला तुला काढतासुद्धा येणार नाही." मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या. पण त्या दिवसापासून त्या वाळल्या. जेवण नीट, औषधं नीट, पण डोळ्यांतली चमक गेली. मला ते बघवत नव्हतं.

गप्प बसणं मात्र त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून पूल दिसतो. मावशी सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभ्या राहू लागल्या आणि वरून शिकवू लागल्या. "एल्बो अप!" "डोन्ट फाइट द वॉटर!" टॅन अंकल तर आधी दचकून थांबायचे, मग मान वर करून बघायचे आणि कोपर वर करायचे. चिनी नववर्षाला त्यांच्याकडून संत्र्यांची पिशवी आली. माझा हात सुधारला, असा निरोप होता.

ब्रायटन त्यांच्या डोक्यात शिरलं ते मीनलमुळे. मीनल त्यांची पुण्याची विद्यार्थिनी. लहानपणी तलावाच्या पायरीवर बसून रडायची, पाण्यात पाय घालायची नाही. आता ती ब्रायटनला नर्स होती आणि बारा महिने रोज सकाळी तिथल्या बायकांबरोबर समुद्रात पोहायची. रविवारी व्हिडिओ कॉल करून फोन समुद्राकडे वळवायची. "बाई, या ना एकदा. समुद्र दाखवते." पडद्यावर करडं पाणी, त्यात टोप्या घातलेली डोकी, आणि मागे लांब धक्का समुद्रात गेलेला. मावशी चष्मा पुसून पुसून बघायच्या.

मला ऑफिसच्या कामाने लंडनला जायचं होतं. इथे हार्बरफ्रंटला आमची जहाजांची कंपनी आहे, तिच्यासाठी लंडनच्या फेऱ्या अधूनमधून होतात. मावशींनी हे लिफ्टमध्ये ऐकलं आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. "मी येते तुझ्याबरोबर. तुझं काम आटोप, मग मला ब्रायटनला ने. नारळी पौर्णिमा तिथे करायची." निखिल आठवडाभर नाही म्हणाला. शेवटी तो माझ्या घरी आला. "जाऊ दे तिला. पण पाण्यात उतरायचं नाही. पाय बुडवले तर घोट्यापर्यंत. तू मला शब्द दे." मी दिला. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बघू."

नारळ त्यांनी लिटल इंडियातून निवडून घेतला होता. दहा-बारा हलवून पाहिल्यावर एक पसंत पडला, आणि तो निळ्या कपड्यात गुंडाळून बॅगेत गेला. तो निळा कपडा कसला, हे मी विचारायला हवं होतं.

ब्रायटनला आम्ही शनिवारी उतरलो. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्ता थेट समुद्राकडे उतरतो, आणि त्या दिवशी अख्खं गाव त्याच्याबरोबर उतरत होतं. लग्न ठरलेल्या मुली गुलाबी पट्टे घालून गात चाललेल्या, कोणी ढोल बडवतंय, कोणी दाढीवाला बाप्या चमचमता झगा घालून ऐटीत चाललेला, आणि सीगल पक्षी माणसांच्या हातांतून बटाट्याचे तुकडे पळवताहेत. मला वाटलं मावशी बिचकतील. त्या दाढीवाल्यापाशी थांबल्या, झग्याचा काठ बोटांत धरून बघितला आणि विचारलं, "यू स्टिच्ड?" तो हो म्हणाला. "व्हेरी नीट," त्या म्हणाल्या आणि मला सांगितलं, "अरे, टीप बघ. हातशिलाई आहे." मग दिवसभर मूड झकास. "इथे कोणी कोणाला तू असं का घातलंस म्हणून विचारत नाही. मला हे गाव फार आधी दाखवायला हवं होतं कोणीतरी."

गावात एक राजवाडा आहे, कांद्यासारखे घुमट आणि मिनार असलेला, इंग्लंडच्या राजाने हौसेने हिंदुस्थानी थाटात बांधलेला. मावशी समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आपल्याकडे येऊन यांनी चर्चं बांधली, आणि स्वतःच्या गावात हे? डोकं ठिकाणावर नव्हतं राजाचं. पण हौस होती हो." हौस असणाऱ्या माणसाला त्या पुष्कळ माफ करायच्या.

पौर्णिमेच्या सकाळी मीनल आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेली. आकाश स्वच्छ, वारा थोडा, समुद्र त्या मानाने निवांत. तिथे वाळू नाही, नुसते गोटे. चालायला लागलं की पाय आत जातात आणि घोटे बोलायला लागतात. मावशी चार पावलं चालल्या, मग सरळ खाली बसल्या आणि घसरत घसरत पाण्याशी गेल्या. मीनलच्या गटातल्या दोन गोऱ्या आजीबाईंनी त्यांना हात देऊन उभं केलं. एकीने विचारलं, "आर यू स्विमिंग, लव्ह?" मावशी म्हणाल्या, "फर्स्ट कोकोनट."

त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. नारळाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि नारळ समुद्रात टाकला. लाट आली आणि तिने तो परत त्यांच्या पायाशी आणून ठेवला. त्यांनी पुन्हा टाकला, जोर लावून. पुन्हा परत. मग मी फेकला. तेवढ्यात गोट्यांवर बसलेला एक सीगल उडून त्याच्यामागे गेला, चोच मारून बघितली, आणि पुढच्या लाटेबरोबर नारळ पुन्हा आमच्यापाशी. मावशींनी तो उचलला आणि पदर नसतानाही पदर खोचल्यासारखा ओढणीचा शेव कमरेला खोचला.

"काठावरून टाकायचाच नसतो मुळी. रेवदंड्याला बाबा होडीतून आत नेऊन सोडायचे. नारळ परत आला तर समुद्राने घेतला नाही असं होतं."

"मावशी," मी म्हणालो, "आपण होडी बघू या का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. ओढणी काढून माझ्या हातात दिली, मग कुर्ता, मग सलवार. आत गडद निळा पोशाख होता. कुर्त्याच्या खिशातून नारिंगी टोपी निघाली.

"मावशी, निखिलला शब्द दिलाय."

"तू दिलायस. मी 'बघू' म्हटलं होतं. बघितलं." टोपीत केस कोंबत त्या म्हणाल्या, "हे बघ, नारळी पौर्णिमेला समुद्रावरची बंदी उठते. होड्यांची उठते, माझी का नाही? भीती निखिलला वाटते, त्याची मला कदर आहे. पण त्याच्या भीतीत मी किती वर्षं बसून राहू?"

मीनल नर्स होती. तिने मावशींची नाडी बघितली, डोळ्यांत बघितलं. मला वाटलं ती तरी थांबवील. ती म्हणाली, "बाई, छातीत काहीही वाटलं की लगेच वळायचं. मी शेजारी आहे. आणि सावकाश, एकेक पाऊल." मावशींनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या विद्यार्थिनीचं ऐकत होत्या. दोन आजीबाई एका बाजूला, मीनल दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शकूमावशी नारळ पोटाशी धरून आत गेल्या. पाणी कमरेला लागलं तेव्हा त्यांनी आऽऽ अशी आरोळी ठोकली, ती बहुधा अख्ख्या ब्रायटनने ऐकली. मी त्यांचे कपडे हातात घेऊन उभा होतो.

आणि फोन वाजला. निखिलचा व्हिडिओ कॉल. तिकडे दुपार होती, दोन ऑपरेशनांच्या मध्ये त्याला वेळ मिळाला असणार. मी उचलणार नव्हतो. मग वाटलं, नाही, लपवायचं नाही. मावशींनी कधी काही लपवलं नव्हतं, कुंकूसुद्धा नाही.

"आई कुठेय?" त्याने विचारलं.

"पाण्यात," मी म्हणालो आणि फोन समुद्राकडे वळवला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. समोर मावशी पाठीवर झोपल्या होत्या, आकाशाकडे तोंड करून, हात पसरून. नारिंगी टोपी लाटेबरोबर वर जायची, खाली यायची. नारळ त्यांनी सोडला होता. तो त्यांच्या पलीकडे आत चालला होता, आणि आता परत येत नव्हता.

बऱ्याच वेळाने निखिलने विचारलं, "खाली हात कोणाचा आहे?"

"कोणाचाच नाही."

त्याने फोन ठेवला नाही. मावशी वळून, पोहत, उथळ पाण्यात उभ्या राहून, दोन आजीबाईंच्या खांद्यांवर रेलून हसत बाहेर येईपर्यंत तो बघत होता. मग म्हणाला, "तिला कोरडं कर. गरम काहीतरी दे." आणि फोन बंद झाला. मावशींचे ओठ निळसर झाले होते आणि दात वाजत होते. मीनलने त्यांना टॉवेलात गुंडाळलं, चहा दिला. मी सांगितलं की निखिलने सगळं पाहिलं. कप हातात धरून त्यांनी एक घोट घेतला. "बरं झालं," म्हणाल्या, "मला सांगायला लागलं असतं ते वाचलं." पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते समुद्राच्या पाण्याने नव्हतं.

चांगी विमानतळावर निखिल घ्यायला आला होता. वाकून आईच्या पाया पडला, बॅग घेतली, माझ्याशी जेमतेम बोलला. मी शब्द मोडला होता, माझी तक्रार नव्हती. आठवड्याने सकाळी बाल्कनीतून खाली बघितलं, तर पूलमध्ये नारिंगी टोपी. काठावर निखिल, हॉस्पिटलला जायच्या कपड्यांत, बुटांसकट, खुर्चीत ताठ बसलेला. 'मी समोर असेन तरच पोहायचं', अशी त्याची अट होती. मावशींची खणखणीत सूचना वरपर्यंत ऐकू आली, "बूट घालून पाण्याजवळ बसायचं नाही!" काही दिवसांनी बूट निघाले. पुढे कधीतरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात गेले. मावशी त्याला काही म्हणाल्या नाहीत, काठापाशी येऊन उलट्या वळायच्या आणि निघून जायच्या. त्यांना घाई नव्हती. हे सगळं वर्षभर चाललं, आणि लोक सांगतात की मुलाचं ऐकलं नाही म्हणून ती बाई गेली. ज्यांना सांगायचं असेल त्यांनी सांगावं. मी रोज वरून बघत होतो.

त्या गेल्या तेव्हा मी कामासाठी जकार्ताला होतो. म्हणून मला दिसलेल्या शेवटच्या मावशी मी तिकडे निघालो त्या दिवशीच्या आहेत. मी बॅग ओढत गेटकडे निघालो होतो आणि वाट पूलच्या कडेने जाते. निखिल पाण्यात होता. पाठीवर झोपलेला, डोळे गच्च मिटलेले, ओठ आवळलेले, दाढी करायची राहिलेली. मावशी त्याच्या शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून त्याला रेवदंड्याची कुठलीशी गोष्ट सांगत होत्या.

"आई, हात काढू नकोस हं," तो डोळे न उघडता म्हणाला.

बॅगेच्या चाकांचा आवाज ऐकून मावशींनी माझ्याकडे पाहिलं, आणि गोष्ट न थांबवता दोन्ही हात पाण्याबाहेर काढून मला दाखवले.